उपेंद्र बक्षी : दोन पत्रे आणि शासनाचा ताबा

भारतीय प्रशासनाचा इतिहास लिहावयास घेतला की आपण सहसा तीन प्रकारच्या माणसांची नोंद घेतो : मंत्री, सनदी अधिकारी आणि न्यायाधीश. कायदा शिकविणारा प्राध्यापक या यादीत क्वचितच येतो. त्याच्या सहीने कोणाची बदली होत नाही, अनुदान मंजूर होत नाही, की कोणी तुरुंगातून सुटत नाही. तथापि सप्टेंबर १९७९ मध्ये एक आणि एप्रिल १९८१ मध्ये एक अशी दोन पत्रे दिल्लीच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविली, आणि त्यांना उत्तरे देताना शासनयंत्रणेला पुढे कित्येक वर्षे कागद काळे करावे लागले. पहिल्या पत्रावर चार सह्या होत्या, दुसऱ्यावर दोन. उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार ही नावे दोन्ही पत्रांवर होती.

मानवी हक्कांच्या कायद्याचे अभ्यासक म्हणून बक्षी यांचे नाव जगभरच्या विद्यापीठांत घेतले जाते. त्यांच्या ग्रंथांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीकडे प्रतिवादीच्या बाकावरून, म्हणजे ज्या शासनाविरुद्ध त्यांनी लेखणी चालविली त्या शासनाच्या बाजूने, पाहण्याचा विचार आहे. माझ्या आयुष्याची बरीच वर्षे त्याच बाकावर गेली असल्याने मला तेथूनच दिसते.

बक्षी यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९३८ रोजी राजकोट येथे झाला. कायद्याचे पहिले शिक्षण तेथेच, त्यानंतर मुंबई विद्यापीठ, आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विधी विद्यालयात पदव्युत्तर पदवी व डॉक्टरेट. साठच्या दशकाच्या अखेरीपासून १९७३ पर्यंत ते ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात शिकवीत होते. विधितत्त्वज्ञ ज्यूलियस स्टोन यांचा सहवास त्यांना तेथे लाभला. १९७३ साली ते दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे आणीबाणीच्या काळात ते राजधानीतच होते. १९७५ ते १९७८ या वर्षांत विधी विभागाचे अधिष्ठातापदही त्यांच्याकडे होते.

या काळातील त्यांच्या एका लहानशा अभ्यासाकडे फारसे लक्ष जात नाही. गुजरातेत तेव्हाच्या बडोदे जिल्ह्यातील रंगपूर येथे हरिवल्लभ परीख यांचा आनंद निकेतन आश्रम होता. तेथे आदिवासींचे तंटे खुल्या सभेत मिटविले जात. जमिनीचे वाद, नवराबायकोच्या कुरबुरी, प्रसंगी खुनासारखे गंभीर मामलेही सर्वांच्या देखत चर्चिले जात. बक्षी यांनी या लोकअदालतीचा अभ्यास करून १९७६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच तकरार आणि करार हे दोन शब्द त्यांनी शेजारी ठेवले होते. बर्कली आणि सिडनी करून आलेला विद्वान रंगपूरच्या सभेत जाऊन बसतो, आणि न्याय ही वस्तू न्यायालयाच्या इमारतीबाहेरही कशी घडते ते टिपून घेतो, याचे मोल पुढील घटना पाहिल्यावर कळते. जाता जाता एक योगायोग : ज्या कायद्याने लोकअदालतीला वैधानिक रूप दिले तो १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी, बक्षी यांच्या सत्तावन्नाव्या वाढदिवशी.

आता पहिल्या पत्राकडे वळू.

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर कर्तव्यावरील पोलिसाने बलात्कार केल्याची तक्रार झाली. तिचे वय वैद्यकीय तपासणीनुसार चौदा ते सोळा वर्षे होते. तिच्या भावाच्याच एका फिर्यादीवरून जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावण्यात आले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जाण्यास सांगून तिला आत थांबविण्यात आले. (देसाईगंज आता गडचिरोली जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९८२ साली झाला.) १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे नागपूरने म्हटले आणि एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा मुक्त केले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तेव्हा विरोध झाला नसावा, अशी एकंदर त्या निकालाची विचारसरणी होती.

खटल्याचे अधिकृत नाव तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लोकांत तो त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. ते नाव मी येथे लिहीत नाही. अशा प्रकरणात पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरविणारे कलम या पत्रानंतरच्या घडामोडींतूनच कायद्यात आले.

निकाल लागला तेव्हा देशात कोणी फारसे बोलले नाही. विधिपत्रिकेत तो छापला गेला आणि ग्रंथालयाच्या फडताळात जाऊन बसला. बरोबर एक वर्षाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी भारताच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. चौघांतील दोघे मराठी, प्रकरण विदर्भातले, आणि ज्यांना पत्र लिहिले ते सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड पुण्याचे. दिल्लीत बसून लिहिलेल्या राष्ट्रीय महत्त्वाच्या कागदांत मराठी माणसे अशी अनेकदा सापडतात. आपल्याला त्यांची दखल मात्र उशिरा लागते.

त्या पत्राचा सूर आदराचा आणि आशय निर्भीड आहे. शरण जाणे आणि संमती देणे यांतील फरक न्यायालयाने पुसून टाकला, हा त्याचा मुख्य आक्षेप. प्रशासनाच्या दृष्टीने त्यातील दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. स्त्रियांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावू नये, त्या राहतात तेथे जाऊन जबाब घ्यावा, असा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० चा दंडक होता. एप्रिल १९७८ मध्ये, म्हणजे या निकालाच्या अवघ्या पाच महिने आधी, ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात याच सर्वोच्च न्यायालयाने त्या दंडकाच्या उल्लंघनावर कडक ताशेरे ओढले होते. मग देसाईगंजच्या मजूर मुलीला रात्री ठाण्यात का आणले गेले, याविषयी निकालात चकार शब्द का नसावा, असे पत्रकर्त्यांनी विचारले. एक माजी मुख्यमंत्री आणि एक शेतमजूर मुलगी, दोघींना एकच कलम लागू होते. पहिलीला ते मिळाले.

हा प्रश्न न्यायमूर्तींना विचारलेला असला तरी त्याचे उत्तर देणे होते पोलीस अधीक्षकाला आणि गृहविभागाला. ठाण्यात कोणी नुसते आत थांबविले की ती व्यक्ती शासनाच्या ताब्यात येते. आपल्या कार्यालयीन मराठीत हा ‘ताबा’ शब्द जमिनीला, मुद्देमालाला आणि माणसाला सारखाच वापरतात. मुद्देमालाची पावती होते, जमिनीचा पंचनामा होतो. त्या रात्री त्या मुलीच्या ताब्याची कोठे नोंद झाली होती का, याचा शोध निकालात नाही.

प्रकरण पुन्हा मोठ्या पीठापुढे ऐकावे ही पत्राची मागणी मान्य झाली नाही. पण पत्र वृत्तपत्रांत पोचले आणि ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. मुंबईत याच सुमारास बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. एप्रिल १९८० मध्ये विधि आयोगाने आपला चौऱ्याऐंशीवा अहवाल सादर केला. आयोगाचे अध्यक्ष होते मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती पी. व्ही. दीक्षित. संसदेने संयुक्त समिती नेमली, आणि डिसेंबर १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस, लोकसेवक, तुरुंग किंवा रुग्णालयाचा कर्मचारी यांनी आपल्या ताब्यातील स्त्रीवर अत्याचार केल्यास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय संमती नव्हती असेच गृहीत धरील. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. पीडितेचे नाव छापण्यास मनाई करणारे कलम २२८-अ हेही त्याच दुरुस्तीतले. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे अमलात आले तेव्हा ही कलमे क्रमांक बदलून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियमात गेली. क्रमांक बदलले तरी देसाईगंजची ती रात्र त्यांच्या मुळाशी आहेच.

दुसरे पत्र ८ एप्रिल १९८१ चे. या वेळी ते अनावृत नव्हते, सरळ न्यायालयाला लिहिलेले होते.

आग्रा येथे उत्तर प्रदेश शासनाचे स्त्रियांसाठी संरक्षणगृह होते. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली सोडविलेल्या मुली आणि स्त्रिया तेथे ठेवल्या जात. त्यांची दैना ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये प्रसिद्ध झाली. ती बातमी वाचून बक्षी आणि लोतिका सरकार यांनी न्यायालयाला पत्र पाठविले : घटनेच्या अनुच्छेद २१ ने सन्मानाने जगण्याचा जो अधिकार दिला आहे तो या स्त्रियांना नाकारला जात आहे. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. वकीलपत्र नाही, मुद्रांक नाही, स्वतःचे काही नुकसान झाल्याचे प्रतिपादन नाही. याचिकाकर्त्यांचा आग्रा येथील गृहाशी काही संबंध नव्हता, आणि तरीही त्यांना बोलण्याचा अधिकार आहे असे मानले गेले.

अशी वाट यापूर्वी मुळीच नव्हती असे नाही. एका बंद्याच्या पत्रावरून तिहार तुरुंगातील छळाची दखल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी घेतली होती. बिहारच्या तुरुंगांत खटला न चालता वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बंद्यांची कथा १९७९ च्या जानेवारीत ज्यांनी वृत्तपत्रातून मांडली ते के. एफ. रुस्तमजी तर निवृत्त पोलीस अधिकारी होते, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, आणि जन्माने नागपूरजवळच्या कामठीचे. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून केलेल्या तुरुंगभेटींत जे दिसले ते त्यांनी लिहिले आणि त्यातून हुसैनारा खातून खटला उभा राहिला. जनहित याचिकेच्या जन्माचे श्रेय वाटताना एका वर्दीतल्या माणसाचा वाटा विसरला जातो, म्हणून ही नोंद.

पण आग्र्याच्या प्रकरणाचे वैशिष्ट्य त्याच्या प्रारंभात नाही, त्याच्या लांबीत आहे. न्यायालयाने एक निकाल देऊन फाईल बंद केली नाही. आग्र्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी दरमहा गृहाला भेट द्यावी आणि अहवाल पाठवावा, स्त्रियांची वैद्यकीय तपासणी व्हावी, कोणत्या आदेशाने कोण किती दिवस आत आहे ते सांगावे, असे आदेश होत गेले. भेटीचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्याला न देता जिल्हा न्यायाधीशाला दिले, हेही पाहण्यासारखे आहे. गृह शासनाचे, त्याची तपासणी शासनाच्याच प्रतिनिधीने करून समाधानकारक शेरा मारावा, ही पद्धत तेथे पुरेशी मानली गेली नाही.

या पद्धतीची मला चांगली ओळख आहे. शासकीय गृहांच्या शेरेपुस्तकांत पाने उलटावीत तर आधीच्या अधिकाऱ्यांचे ‘स्वच्छता ठीक, अन्न समाधानकारक, निवासींची तक्रार नाही’ हे शब्द एकाखाली एक उतरलेले आढळतात. हे शेरे खोटेच असतात असे नाही. भेट आधी कळविलेली असते, अंगण झाडलेले असते, अधीक्षिका शेजारी उभी असते, आणि तिच्या देखत कोणती मुलगी तक्रार करील? अधिकारी वर्षातून एकदा येतो आणि पुढच्या वर्षी तोही बदललेला असतो. बक्षी-सरकार यांच्या पत्राने या रचनेत एक नवी गोष्ट घातली. प्रश्न विचारणारा बदलत नव्हता. सुनावणीची तारीख येई, अहवाल मागितला जाई, आणि मागच्या अहवालात जे म्हटले होते त्याचे काय झाले, असे विचारले जाई. सचिवालयात न्यायालयीन प्रकरण आले की आपण परिच्छेदनिहाय अभिप्राय तयार करतो, शपथपत्र दाखल करतो आणि नि:श्वास सोडतो. येथे शपथपत्र दाखल झाल्यावर काम सुरू होत असे.

१९८६ मध्ये न्यायालयाने अशा गृहाच्या किमान दर्जाविषयी निर्देश दिले. तरीही प्रकरण संपले नाही. १९९३ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, ग्वाल्हेर व आग्रा येथील मनोरुग्णालयांबरोबर या संरक्षणगृहाच्या देखरेखीतही आयोगाला घातले. पत्र १९८१ चे, देखरेख १९९७ मध्येही चालू. सोळा वर्षांच्या त्या अवधीत राज्यात सरकारे आली-गेली, कायद्याचे नावही १९८६ च्या दुरुस्तीने बदलले. प्रकरणाचे नाव तेवढे तेच राहिले : उपेंद्र बक्षी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य.

या अनुभवातून बक्षी यांचा सर्वांत गाजलेला निबंध निघाला. अमेरिकन विधितत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९७७ मध्ये हक्कांना गांभीर्याने घ्या अशा अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ लिहिला होता. बक्षी यांनी त्यातील हक्कांच्या जागी दुःख हा शब्द ठेवला. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झालेल्या या निबंधात त्यांनी ‘पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन’ हे आयात नाव नाकारून ‘सोशल अॅक्शन लिटिगेशन’ असे म्हणावे असा आग्रह धरला. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. अमेरिकेत अशा खटल्यांमागे निधी असलेल्या संस्था, व्यावसायिक वकील, ग्राहक किंवा पर्यावरण यांसारखे विषय असत. भारतात प्रश्न होता तो तुरुंग, ठाणे, सुधारगृह, वेठबिगारी यांचा, म्हणजे शासनाच्याच बेकायदेशीर वर्तनाचा. पत्रावरून न्यायालयाने दखल घेण्याच्या या प्रकाराला त्यांनी ‘एपिस्टोलरी ज्युरिस्डिक्शन’, म्हणजे पत्राधारित अधिकारिता, असे नाव दिले आणि ते रूढ झाले.

महाराष्ट्रात या वाटेने लगेच कोणी गेले. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांविषयी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिलांसाठी वेगळ्या कोठड्या आणि महिला पोलिसांची देखरेख असे आदेश दिले. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांच्या उपजीविकेचा अधिकार अनुच्छेद २१ मध्ये मोडतो असे चंद्रचूड यांच्या पीठाने मान्य केले, जरी झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही त्याच निकालात शाबूत राहिला.

मात्र एकदा दार उघडले की त्यातून कोण आत येईल हे उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही. पुढे दिल्लीत सुखवस्तू वसाहतींच्या वतीनेही जनहित याचिका आल्या. २००० सालच्या अलमित्रा पटेल प्रकरणात, विषय कचऱ्याचा असताना, झोपडपट्टीवासीयांविषयी न्यायालयाने काढलेले उद्गार आग्र्याच्या प्रकरणातील भाषेशेजारी ठेवून पाहावेत. बक्षी नावाविषयी इतके काटेकोर का होते हे तेथे समजते. जनहित म्हटले की जन कोण, हा प्रश्न मोकळा राहतो.

ज्याने शासनावर इतके लिहिले त्याला शासनाच्या खुर्चीत बसण्याची वेळ आली तर? बक्षी यांच्यावर ती दोनदा आली. १९८२ ते १९८५ ते सुरत येथील दक्षिण गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि १९९० ते १९९४ दिल्ली विद्यापीठाचे. दुसरा कार्यकाळ कोणत्या वर्षी सुरू झाला ते पाहावे. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली आणि दिल्ली विद्यापीठ हे आरक्षणविरोधी आंदोलनाचे केंद्र बनले. विद्यापीठ हे घटनेच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने राज्यच असते. म्हणजे याचिकाकर्ते बक्षी आता पदसिद्ध प्रतिवादी झाले होते. कुलगुरूच्या टेबलावर येणारी निवेदने, निलंबने, वसतिगृहांच्या तक्रारी यांना कोणत्याही तत्त्वज्ञानाने सुटका मिळत नाही. ज्या वर्षांत ते या पदावर होते त्याच वर्षांत ते डॉ. आंबेडकरांवर विचार करीत होते. १९९५ मध्ये भिखू पारेख यांच्यासमवेत संपादित केलेल्या ग्रंथात न्याय म्हणजे मुक्ती या सूत्राभोवती आंबेडकरांच्या वारशाची मांडणी करणारा त्यांचा निबंध आहे. महाराष्ट्राबाहेरच्या सवर्ण विधिपंडिताने आंबेडकरांना घटनेचे केवळ मसुदाकार न मानता न्यायाचे सिद्धान्तकार म्हणून वाचावे, ही त्या काळी सर्रास आढळणारी गोष्ट नव्हती.

या दोन कुलगुरूपदांच्या मध्ये भोपाळ आले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती. १९८५ ते १९८८ या काळात बक्षी दिल्लीच्या भारतीय विधी संस्थेत संशोधन संचालक होते. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढविण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. लहान मुलाच्या पालकाप्रमाणे शासनाने आपल्या असहाय नागरिकांचे पालकत्व घ्यावे, हे त्यामागील तत्त्व. देसाईगंजमध्ये देह शासनाच्या ताब्यात होता, आग्र्यात आयुष्य. येथे लक्षावधी माणसांचे दावेच शासनाच्या ताब्यात आले.

केंद्र सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात धाव घेतली आणि भारताची न्यायव्यवस्था असा दावा चालविण्यास अपुरी आहे असे प्रतिपादन केले. युनियन कार्बाइडच्या बाजूने नानी पालखीवाला यांनी शपथपत्र देऊन ती समर्थ असल्याचे सांगितले. आपल्या न्यायसंस्थेचा गौरव प्रतिवादी कंपनीने करावा आणि कमीपणा आपल्या सरकारने सांगावा, असा तो उफराटा देखावा होता. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी दावा भारतातच चालवावा असे ठरविले. त्याच वर्षी बक्षी यांनी या खटल्याची कागदपत्रे प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. न्यायपीठ गैरसोयीचे आणि आपत्ती मात्र सोयीची, असा उपरोध त्या ग्रंथाच्या नावातच आहे. थॉमस पॉल यांच्यासमवेत दुसरा खंड, आणि १९९० मध्ये अमिता धांडा यांच्यासमवेत तिसरा. कागद जपण्याचे हे काम मला त्यांच्या सिद्धान्तांइतकेच महत्त्वाचे वाटते. शासनाच्या अनेक खात्यांना स्वतःच्या खटल्याचे कागद वेळेवर सापडत नाहीत, हे आपणांपैकी ज्यांनी सचिवालयात काम केले आहे त्यांना सांगावयास नको.

डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. मागणी तीन अब्जांहून अधिक होती. ज्यांचे दावे होते त्यांना विचारले गेले नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात १९८५ चा कायदा वैध ठरविताना न्यायालयाने म्हटले की तडजोडीपूर्वी पीडितांचे म्हणणे ऐकावयास हवे होते. पण तडजोड तशीच राहिली.

१९९६ ते २००९ बक्षी इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात विकासविषयक कायद्याचे प्राध्यापक होते. २००२ मध्ये त्यांचा ‘द फ्यूचर ऑफ ह्यूमन राइट्स’ हा ग्रंथ आला. वाचावयास तो सोपा नाही. बक्षी शब्द घडविण्याच्या नादात वाचकाची दमछाक करतात, आणि हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. पण गाभा स्पष्ट आहे. मानवी हक्कांचे कर्ते मुत्सद्दी आणि राष्ट्रसंघाच्या समित्या नव्हेत, तर ज्यांनी सोसले आणि सोसताना नकार दिला ते लोकसमूह होत. हक्कांच्या नावाने चाललेले राजकारण वेगळे, हक्कांसाठीचे राजकारण वेगळे. आणि १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याची परंपरा बाजूला सारून व्यापाराला व बाजाराला अनुकूल अशी हक्कांची एक नवी व्याख्या पुढे येत आहे, जीत कंपन्याही मानवी हक्क मागतात, असा इशारा त्यांनी दिला. भोपाळचे तीन खंड ज्याने संपादित केले त्याच्या हातून हे लिहिले जाणे स्वाभाविक होते. २०११ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

भोपाळच्या तडजोडीवरील पुनर्विलोकन याचिका ३ ऑक्टोबर १९९१ रोजी निकाली काढताना सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रक्कम अपुरी पडली तर तूट शासनाने भरावी. आणि ज्यांच्यात रोगाची लक्षणे अद्याप दिसत नाहीत पण पुढे दिसू शकतील अशा सुमारे एक लाख लोकांसाठी वैद्यकीय विमा उतरवावा. वाढीव भरपाईसाठी सरकारने केलेली उपचारात्मक याचिका १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने फेटाळली. त्या निकालात नोंद आहे की तो विमा कधी उतरविलाच गेला नाही. रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी रुपये प्रलंबित दाव्यांसाठी वापरावेत, असे न्यायालयाने त्याच दिवशी सांगितले.